मुक्या जिवाचा डॉक्टर आणि घरचा हिशेब

गेल्या वर्षीं सहामाही परीक्षा आटोपल्यावर आम्हीं सातवी-आठवीच्या वर्गांत एक साधा प्रश्न विचारला : "तुमच्यापैकीं कोणाच्या घरीं कुत्रें, मांजर, ससा असें एखादें पाळलेलें जनावर आहे?" बरेच हात वर आले. मग दुसरा प्रश्न केला : "तें आजारी पडलें तर त्याला कोणाकडे न्याल?" सगळे हात खालीं गेले आणि मुलें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलीं. मागच्या बाकावरच्या एका मुलानें मात्र धीटपणें उत्तर दिलें : "सर, आजारी पडल्यावर बघूं."

ह्या उत्तरावर वर्ग हसला. परंतु आम्हांस हसूं आलें नाहीं. कारण एके काळीं आमचेंहि उत्तर हेंच होतें, आणि त्याचें फळ आमच्या घरच्या मांजरीला भोगावें लागलें.

तिचें नांव मनी. पावसाळ्याचे दिवस होते. दोन दिवस तिनें दुधाला तोंड लावलें नाहीं, आणि अंगावरून हात फिरवला तर अंग गरम लागत होतें. ताप आला असावा असें आम्हीं ठरविलें. जनावरांचा डॉक्टर कोठें बसतो हें ठाऊक नव्हतें, आणि रात्रहि झाली होती. घरांत माणसांच्या तापावरची पॅरासिटॅमॉलची गोळी होती. तिचा अर्धा तुकडा दुधांत कालवून आम्हीं आपल्या हातानें मनीच्या तोंडांत घातला. डॉक्टरांची फी वाचली ह्याचें मनाला थोडें समाधानहि वाटलें, हें येथें कबूल केलें पाहिजे. सकाळीं पाहतों तों तिचें तोंड सुजलेलें, हिरड्या काळपट पडलेल्या आणि श्वास लागलेला. तिला पिशवींत घालून रिक्षेनें तीन ठिकाणीं फिरलों. तिसऱ्या ठिकाणीं डॉक्टर भेटले, पण तोंवर फार उशीर झाला होता.

त्या डॉक्टरांनीं रागावून न बोलतां दोन गोष्टी समजावून सांगितल्या. पहिली ही कीं, पॅरासिटॅमॉलचा निचरा करण्याची जी शक्ति माणसाच्या यकृतांत असते ती मांजराच्या यकृतांत फारच थोडी असते. म्हणून तें औषध त्याच्या शरीरांत विष होतें आणि रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्तीच नष्ट करतें. दुसरी ही कीं, मांजराच्या शरीराची स्वाभाविक उष्णताच सुमारें १०१ ते १०२ अंश फॅरेनहाइट असते. माणसाच्या हाताला निरोगी मांजरहि गरमच लागावयाचें. तेव्हां मनीला ताप होता कीं नव्हता, हेंहि आतां कोणास सांगतां येणार नव्हतें. रुपया-दोन रुपयांच्या गोळीवर भागविण्याच्या बुद्धीनें आम्ही एक जीव गमावून बसलों. तसा प्रसंग आमच्या विद्यार्थ्यांवर व त्यांच्या आईबापांवर येऊं नये, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

पशुवैद्य कोण?

आपल्याकडे जुन्या माणसांच्या तोंडीं 'गुरांचा डॉक्टर' हाच शब्द आहे, आणि तो खोटा नाहीं. पूर्वी ह्या विद्येचा उपयोग मुख्यतः बैल, घोडे आणि दुभतीं जनावरें ह्यांच्यासाठीं होत असे. मुंबईस परळ येथें जें जनावरांचें जुनें इस्पितळ आहे, त्याला लोक अद्यापि 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणतात. त्याचें खरें नांव बाई साकरबाई दिनशा पेटिट इस्पितळ. सर दिनशा माणेकजी पेटिट ह्या दानशूर पारशी गृहस्थांच्या देणगीनें तें १८८३-८४ च्या सुमारास उभें राहिलें, आणि त्यांच्या पत्नीचें नांव त्यास दिलें गेलें. ट्रामचे घोडे आणि खटाऱ्यांचे बैल ह्यांवर त्या काळीं मुंबईचा सारा व्यवहार चाले. म्हणून लोकांनीं इस्पितळास नांवहि त्यांचेंच दिलें. पुढें १८८६ सालीं परळ येथेंच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालें. आज तें नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. म्हणजे ज्या लोकलच्या मार्गावर आपण राहतों, त्याच मार्गावर ह्या विद्येचें एक फार जुनें पीठ आहे, ही आपल्या मुलांस अभिमान वाटावा अशी गोष्ट होय.

ह्या विद्येची पदवी बी. व्ही. एस्सी. अँड ए. एच. ह्या नांवाची असून तिचा अभ्यासक्रम साडेपांच वर्षांचा आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाप्रमाणें अशा पदवीधरानें राज्याच्या पशुवैद्यक परिषदेकडे नांव नोंदविलें पाहिजे. त्याशिवाय त्याला हा व्यवसाय करतां येत नाहीं. तेव्हां दवाखान्यांत गेल्यावर पदवी व नोंदणी क्रमांक पाहण्यांत उद्धटपणा मुळींच नाहीं. कुत्र्यामांजरांचें खाणें व पट्टे विकणारा दुकानदार, केस कापणारा कारागीर, किंवा कुत्र्यास शिकविणारा माणूस, हे आपापल्या कामांत हुशार असतील. परंतु ते डॉक्टर नव्हत. त्यांच्या सांगण्यावरून टोंचलेली सुई वा पाजलेलें औषध स्वस्त दिसतें, पण बहुधा तेंच पुढें महाग पडतें.

निवड केव्हां व कशी करावी?

आमचें पहिलें सांगणें हें कीं, डॉक्टर जनावर निरोगी असतांना निवडावा. पिलूं घरीं आलें कीं त्याच आठवड्यांत त्याला एकदां दाखवून आणावें. त्या वेळीं मन शांत असतें, चार प्रश्न विचारतां येतात, आणि दवाखाना नजरेखालून घालतां येतो. विठ्ठलवाडीच्या लोकांस ह्या बाबतींत फारशी अडचण नाहीं. कल्याण सोडून गाडी कर्जतच्या बाजूस निघाली कीं पहिलें स्टेशन विठ्ठलवाडी आणि पुढचें उल्हासनगर. डॉक्टर शोधण्यास दोन्हीकडे शहरें आहेत. तरी अगदीं जवळचा तोच उत्तम, असें मात्र समजूं नये. जवळ असणें ही एक सोय आहे. ती एकटीच पुरेशी नाहीं.

दवाखान्यांत कोणत्या गोष्टी पाहाव्या? तपासणीचें मेज स्वच्छ पुसलेलें आहे काय? लस शीतपेटींत ठेवलेली असते काय? उन्हांत वा उघड्यावर राहिलेली लस पाण्यासारखी निरुपयोगी होते. डॉक्टर जनावरास हात लावून, वजन करून, ताप मोजून मग औषध लिहितात, कीं दारांतूनच पाहून सुई टोंचतात? आजाराचें नांव व औषधाचें कारण आपणांस समजेल अशा भाषेंत सांगतात काय? जनावर भ्यालें असतां त्याला दटावतात, कीं चुचकारून घेतात? दिलेल्या लशीची नोंद तारखेसह पुस्तिकेंत करतात काय?

ह्याखेरीज तीन प्रश्न तोंडानें विचारावेत. रात्रीं किंवा सुटीच्या दिवशीं अडचण आल्यास कोठें जावें? शस्त्रक्रिया किंवा क्ष-किरण तपासणी येथें होते कीं दुसरीकडे? आणि आपल्या आवांक्याबाहेरचा आजार असेल तर कोणाकडे पाठवाल? ह्या तिसऱ्या प्रश्नाला जो डॉक्टर मोकळेपणानें उत्तर देतो, तो विश्वासास पात्र समजावा. सर्व कांहीं आपल्यालाच येतें असें म्हणणाऱ्यापासून मात्र जपून राहावें. मोठ्या आजारासाठीं परळचें इस्पितळ आहेच. शिवाय २०२४ सालापासून मुंबईंत महालक्ष्मी येथें टाटा ट्रस्टचें लहान प्राण्यांचें मोठें रुग्णालय सुरू झालें आहे. परंतु तेथवर आजारी जनावर नेणें म्हणजे वाहनाचा खर्च व सारा दिवस. म्हणून घराजवळचा एक चांगला डॉक्टर आणि दूरचें एक मोठें इस्पितळ, अशीं दोन्ही ठिकाणें लिहून ठेवावींत. तो कागद शिधापत्रिकेजवळ ठेवावा, म्हणजे अडचणीच्या वेळीं सांपडतो.

खर्च इतका कां येतो?

पुष्कळ पालक आम्हांस विचारतात, "मुलाच्या तापाला लागतात त्याहून अधिक पैसे कुत्र्याच्या तापाला कां लागावेत?" प्रश्न रास्त आहे. माणसांसाठीं सरकारी व नगरपालिकेचीं रुग्णालयें आहेत. त्यांचा मोठा भार सार्वजनिक निधीवर पडतो. सरकारचे पशुवैद्यकीय दवाखानेहि आहेत, पण त्यांची मांडणी प्रामुख्यानें शेतकऱ्यांच्या गाईम्हशी, शेळ्या व कोंबड्या ह्यांच्यासाठीं आहे. शहरांतील कुत्र्यामांजरांचा खर्च बहुतेक मालकाच्याच खिशांतून जातो. शिवाय मुका प्राणी 'येथें दुखतें' असें सांगत नाहीं. तें रक्त तपासून व यंत्रानें पाहून हुडकावें लागतें. तेव्हां डॉक्टर लुबाडतात असें एकदम म्हणूं नये. पण खर्च डोळे मिटून करावा, असेंहि नाहीं.

खर्च आटोक्यांत कसा ठेवावा?

सर्वांत स्वस्त आजार तो कीं जो होतच नाहीं. कुत्र्याच्या पिलास सहा ते आठ आठवड्यांचें झाल्यावर पहिली लस, आणि पुढें तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें सुमारें सोळा आठवड्यांपर्यंत पुढील लशी देतात. पार्व्हो व डिस्टेंपर हे दोन रोग पिलांचे काळ आहेत, आणि दोन्हींवर लस आहे. पार्व्होच्या उपचारांत सलाइन, औषधें व दररोजच्या खेपा मिळून जो खर्च होतो, त्याच्या मानानें लशींचा खर्च अगदींच थोडा. जंताचें औषधहि वेळच्या वेळीं द्यावें. कारण पिलांच्या पोटांतील कांहीं जंत खेळणाऱ्या मुलांसहि बाधतात.

दुसरी गोष्ट गोचिडांची. आपल्या दमट हवेंत त्या बारमाही असतात, आणि त्यांच्या दंशानें कुत्र्यास रक्ताचा ताप येतो. रोज संध्याकाळीं कान, मान व बोटांच्या बेचक्या चांचपून पाहणें ह्यास एक पैसाहि लागत नाहीं, आणि हें काम मुलांनीं अंगावर घ्यावें. मात्र कुत्र्याच्या अंगावर घालावयाचें गोचिडीचें औषध मांजरावर कधींहि घालूं नये. त्यांतील परमेथ्रीन नांवाचें द्रव्य मांजरास मारक आहे.

तिसरी गोष्ट पावसाळ्याची. आपल्या भागांतून वाहणाऱ्या वालधुनी नदीचें पाणी चढलें कीं सखल वस्तींत काय होतें, हें २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेल्या वडील मंडळींस सांगावयास नको. अशा पाण्यांत उंदरांचें मूत्र मिसळतें आणि लेप्टोस्पायरोसिस हा रोग कुत्र्यांस व माणसांस, दोघांसहि होतो. पुराच्या पाण्यांत कुत्र्यास फिरवूं नये, आणि ह्या रोगाच्या लशीविषयीं डॉक्टरांस विचारावें.

चौथी गोष्ट खाण्याची. परदेशी डब्यांतील खाणें हेंच खरें खाणें, अशी एक समजूत पसरली आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यानें घरच्या भात, अंडें, मांस ह्यांवरहि कुत्रें चांगलें पोसतें. कांदा, लसूण, द्राक्षें, बेदाणे व चॉकलेट मात्र कुत्र्यास अपायकारक आहेत. लाडाचा प्रत्येक पेढा पुढें औषधाच्या बिलांत उतरतो, हें घरांतील आजीआजोबांनीं लक्षांत ठेवावें.

पांचवी गोष्ट, डॉक्टरांच्या सल्ल्यानें योग्य वयांत नसबंदी करून घ्यावी. तिनें नको असलेलीं पिलें टळतात, आणि मादीच्या गर्भाशयांत पू होण्याचा प्राणघातक आजारहि टळतो. धर्मादाय संस्थांच्या दवाखान्यांत ही शस्त्रक्रिया पुष्कळदां कमी दरानें होते, चौकशी करावी.

सहावी गोष्ट मूळ निवडीची. बर्फाळ मुलखांतील दाट केसांचें कुत्रें हौसेनें घरीं आणून मग त्याला आपला उन्हाळा सोसत नाहीं म्हणून डॉक्टरांच्या पायऱ्या झिजविणें, ह्यांत शहाणपणा नाहीं. गल्लींतील देशी पिलूं आपल्या हवेंत सुखानें वाढतें. आणि पोपट पाळण्याची ज्यांना हौस आहे त्यांनीं हें जाणावें कीं, आपले रानचे पोपट पिंजऱ्यांत ठेवणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें मना आहे.

सातवी गोष्ट बचतीची. घरांत एक डबा ठेवून त्यांत रोज दहा रुपये टाकले तर वर्षाला ३,६५० रुपये जमतात. वर्षाच्या लशी व एखादें लहानसें आजारपण ह्यांस त्याचा मोठा हातभार लागतो. ज्यांना साधेल त्यांनीं विम्याची चौकशी करावी. पण कोणते आजार त्यांत येत नाहींत, हें आधीं वाचून मगच सही करावी.

पैशाची गोष्ट उघड बोलावी

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. डॉक्टरांसमोर पैशाची अडचण सांगण्यास आपण लाजतों. मग एक तर जातच नाहीं, नाहीं तर अर्ध्यावर उपचार सोडून देतों. गेल्या पावसाळ्यांत आमच्या आठवीच्या वर्गांतील एक मुलगा तीन दिवस गैरहजर होता. चौथ्या दिवशीं त्याचे वडील भेटले तेव्हां कळलें कीं, घरच्या पिलाला रक्ताचे जुलाब होत आहेत, दवाखान्यांत ठेवावयास सांगितलें आहे, आणि महिनाअखेर आहे. "पुलापलीकडे नेऊन सोडतों, सर, जगायचें असेल तर जगेल," असें ते म्हणाले. मुलगा त्यांच्या मागें उभा होता. त्यानें मान वर केली नाहीं.

आम्हीं त्यांना मनीची हकीकत सांगितली आणि म्हटलें, "सोडण्याआधीं एकदां डॉक्टरांना खिशांत किती आहे तेवढें सांगून तर पाहा." संध्याकाळीं ते गेले. डॉक्टरांनीं ऐकून घेतलें. रात्रंदिवस ठेवण्याऐवजीं सकाळ-संध्याकाळ आणून सलाइन लावावें, अत्यंत जरूर तेवढीच तपासणी करावी, आणि पैसे पगार झाल्यावर दोन हप्त्यांत द्यावेत, असें ठरलें. घरीं काय पाजावें, उलटी-जुलाबाची नोंद कशी ठेवावी, हें त्यांनीं मुलालाच शिकविलें. मुलानें वहींत तासातासाची नोंद ठेवली. सहाव्या दिवशीं पिलानें भाताची पेज चाटली. प्रत्येक वेळीं असेंच यश येईल, असें आम्ही म्हणत नाहीं. पार्व्होनें चांगल्या उपचारांतहि पिलें दगावतात. परंतु डॉक्टरांस मोकळेपणानें विचारलें म्हणजे बहुधा दुसरा कांहीं मार्ग निघतो. "एकूण अंदाजे किती खर्च येईल? यांतील आज करावयाचें कोणतें, थांबतां येईल असें कोणतें? हेंच औषध कमी किमतींत मिळेल काय?" हे प्रश्न विचारण्यांत कमीपणा नाहीं. आणि पाळलेलें जनावर रस्त्यावर सोडून देणें हा १९६० च्या प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाखालीं गुन्हाहि आहे.

जेथें काटकसर नाहीं

एका ठिकाणीं मात्र पैशाचा विचारच करूं नये, आणि तें म्हणजे रेबीज. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेंतून हा रोग माणसास होतो. लक्षणें दिसूं लागल्यावर त्यांतून बहुधा कोणीहि वांचत नाहीं. परंतु वेळीच लस घेतल्यास तो टाळतां येतो. १८८५ च्या जुलै महिन्यांत फ्रान्समध्यें लुई पाश्चर ह्या शास्त्रज्ञानें जोसेफ माइस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलास ही लस प्रथम दिली, आणि तो मुलगा वांचला. तो आमच्या चौथीच्या वर्गांत शोभला असता, एवढ्याच वयाचा होता. म्हणून आपल्या कुत्र्यास व मांजरास तीन महिन्यांचें झाल्यावर रेबीजची लस द्यावी, आणि पुढें डॉक्टर सांगतील तेव्हां ती पुन्हा द्यावी. कुत्रें-मांजर चावल्यास वा ओरबाडल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी; हळद, चुना, तिखट कांहींहि लावूं नये; आणि त्याच दिवशीं सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयांत जाऊन लस घ्यावी. मुलांनो, मार बसेल ह्या भीतीनें चावल्याची गोष्ट घरीं लपवूं नका. ती आईला सांगा, शिक्षकांना सांगा, पण सांगा.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, ह्या सुटींत एक दिवस काढून मुलाला आणि त्याच्या जनावराला घेऊन डॉक्टरांकडे जावें, आणि त्यांचें नांव, वेळ व फी मुलाच्याच हातानें वहींत लिहवून घ्यावी. जून महिन्यांत शाळा उघडल्यावर तोच प्रश्न आम्ही वर्गांत पुन्हा विचारणार आहों. मागच्या बाकावरच्या त्या मुलानें तर आतांच येऊन आम्हांस सांगितलें आहे कीं, त्याच्या मांजरीची पुस्तिका तयार झाली. तिच्यांत पहिल्या लशीची तारीख आहे, आणि दुसरीची जागा अजून कोरी आहे.